दशावताऱ्याच्या गळ्यावर तुळशीपत्र

अंक विकत घ्या, गाण्यांची सीडी फुकट! पहिल्या पानाच्या कपाळावर हे शब्द छापणाऱ्या वर्तमानपत्राने त्या दिवशी दोन गोष्टींची कबुली दिली. आपण जे लिहितो त्यासाठी वाचक खिशात हात घालील, हा भरवसा आपल्याला उरलेला नाही, ही पहिली. आणि ज्याने गळा झिजवून ते गाणे उभे केले त्याची किंमत आपल्या लेखी शून्य आहे, ही दुसरी. पहिली गोष्ट वृत्तपत्राच्या अब्रूची आहे. तिची लाज त्याच्या मालकाने बाळगावी. दुसरी मात्र आम्हा सर्वांच्या माथी येते, कारण ती सीडी आम्ही हात पसरून घेतली आणि आत कोण गातो आहे याची चौकशीसुद्धा केली नाही.

कुणी म्हणेल, सीडीचा जमाना सरला, आता हा विषय कशाला उकरून काढता? भात लोंबीला आले की पाखरे हाकायला त्याच चकचकीत तबकड्या दोरीला बांधून शेतात टांगलेल्या मालवण-कुडाळच्या रस्त्यावर आजही दिसतात. एकेका तबकडीत कुणाची भक्तिगीते आहेत, कुणाच्या आरत्या आहेत. वाऱ्यावर त्या गरगरतात, आणि त्यांच्यावर छापलेले प्रायोजकाचे नाव उन्हाने विटले तरी वाचता येते. गाणाऱ्याचे नाव वाचायला जा, बहुतेकींवर ते पहिल्यापासूनच नसते. सीडी गेली, पण तिने लावलेली खोड गेली नाही. काल जे पाकिटातून येई ते आज मोबाइलवर येते, आणि काल निदान तबकडी कापायला, छापायला कुणाला तरी दोन पैसे मोजावे लागत होते. आज तेवढेही लागत नाहीत. म्हणून आज हा विषय काढायचा. उद्या काढायला कलावंतच उरणार नाही.

या धंद्याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण विलायतेतले आहे. २००७ सालच्या जुलैत, १५ तारखेच्या रविवारी, लंडनच्या 'मेल ऑन संडे' या पत्राने प्रिन्स या अमेरिकी गायकाचा 'प्लॅनेट अर्थ' हा कोराकरकरीत अल्बम अंकाबरोबर वाटला. दुकानात येण्याआधीच तो तीस लाखांच्या घरात लोकांच्या हाती गेला. संगीताच्या दुकानदारांनी आकांत केला, सोनी बीएमजीच्या ब्रिटिश शाखेने तो अल्बम तिथे विकायलाच नकार दिला. पण प्रिन्सचा एका पैचा तोटा झाला नाही. त्याने वृत्तपत्राकडून आपले दाम आधी वसूल केले होते, आणि त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात लंडनच्या ओटू सभागृहात तो २१ रात्री गायला, तिकीट लावून. फुकट वाटायचे की नाही हे त्याने स्वतः ठरवले, किंमतही स्वतः ठरवली.

आता त्याच वर्षाच्या एप्रिलातली दुसरी गोष्ट पाहा. त्याच पत्राने माइक ओल्डफील्डचा 'ट्युब्युलर बेल्स' फुकट वाटला. १९७३ साली विशीत न पोचलेल्या त्या पोराने बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून तो रचला होता. ध्वनिमुद्रणाचे हक्क ईएमआय कंपनीकडे होते. कंपनीने पत्राशी परस्पर सौदा केला आणि रचणाऱ्याला विचारलेही नाही. ओल्डफील्डने उघडपणे निषेध केला. एकच पत्र, एकच वर्ष, वस्तूही एकच, आणि दोन कलावंतांत केवढे अंतर! एकाने सौदा केला, दुसऱ्याचा सौदा झाला.

आमच्या किनाऱ्यावरचा कलावंत या दोघांच्याही खाली, तिसऱ्या पायरीवर उभा आहे. त्याला प्रिन्ससारखे कुणी दाम मोजत नाही आणि ओल्डफील्डसारखा त्याने निषेध केला तर तो छापायला जागा मिळत नाही. त्याचे गाणे वाटले गेले हे त्याला कळते तेव्हा गावातला कुणीतरी मोबाइल पुढे करून म्हणतो, "ह्यां बघ, तू दिसतंस!" आणि तो बिचारा हसतो. त्या हसण्याचा आम्हाला राग येतो. त्याच्यावर नव्हे, ज्यांनी त्याला एवढ्यावर समाधान मानायला शिकवले त्यांच्यावर.

तो कलावंत कोण, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला सांगायला नको. पण ज्यांनी फक्त मोबाइलवरचा तुकडा पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी कंपन्या घराबाहेर पडतात त्या वैशाख संपेपर्यंत. आज वालावल, उद्या धामापूर, परवा देवगडाकडे कुठे. दिवसा टेंपोत पेटाऱ्यांच्या शेजारी अंग टाकायचे, संध्याकाळी देवळाच्या आडोशाला रंगपट मांडायचा, आरशाचा तुकडा समोर धरून आपला चेहरा आपणच रंगवायचा. रात्री उशिरा आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, शारदा, मग तो मालवणीत बोलणारा संकासुर, आणि मध्यरात्र उलटल्यावर मुख्य आख्यान. रंगमंचावर एक बाक. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. बाजूला पायपेटीवर हरदास, पखवाज आणि झांज. बस्स, एवढ्या सामग्रीवर पहाटेपर्यंत शेकडो माणसांना जागेवर खिळवून ठेवायचे. आणि हातात संहिता नाही! कथानक ठरलेले, पण संवाद जागच्या जागी, समोरचा काय बोलला ते ऐकून, त्याला तोडीस तोड देत रचायचा. युधिष्ठिराच्या तोंडी धर्मशास्त्र आले तर दुर्योधनाला त्याच क्षणी त्याचे खंडन सुचले पाहिजे. हे काम विद्यापीठातल्या वादसभेत करणाऱ्याला पदक मिळते. इथे करणाऱ्याला 'नाईट' मिळते, म्हणजे त्या रात्रीची मजुरी. आणि मृग पडला की तोच अर्जुन चिखलात उतरून तरवा लावतो.

तेच भजनी बुवांचे. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गजर टाकला की दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे, पखवाजवाल्याने दोघांच्या लयीचा तोल सांभाळायचा. चवथीत घरोघर ही भजने होतात, परळ-लालबागच्या चाकरमान्यांसमोर मुंबईच्या सभागृहांतही होतात. बुवा आवाज राखतो, चाली बांधतो, पाठांतर करतो. ही वर्षानुवर्षांची कमाई आहे.

या कमाईची पहिली लूट सीडीच्या काळात झाली. एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो. रात्रभराचा दशावतार त्यात बसवायचा तर कात्री चालवावीच लागते. मुद्रण करणारा कंपनीला एकदाच रक्कम देई, तीही घासाघीस करून. पुढे किती प्रती निघाल्या याचा हिशेब कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. जत्रेत त्या सीड्या विकल्या गेल्या, मग त्यांच्या नकला निघाल्या, मग नकलांच्या नकला. त्याच सुमारास देशभर सीडीचा भाव कोसळला. २००७ साली मोझर बेअर या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. ग्राहक सुखावला. पण त्या भावाशी टक्कर घ्यायला निघालेल्या किनाऱ्यावरच्या छोट्या निर्मात्याने कुठे काटकसर केली असेल? तबकडीच्या किमतीत करता येत नव्हती, छपाईत करता येत नव्हती. कलावंताच्या ताटातच काय ते कमी करता येत होते. आणि ज्या मोझर बेअरने हा भाव पाडला ती कंपनीही २०१८ साली अवसायनात निघाली. स्वस्ताईच्या या शर्यतीत शेवटी कुणाच्याच पदरात काही उरले नाही.

मग वृत्तपत्रांनी, दिवाळी अंकांनी त्यावर कडी केली. भाव पाडायचाच कशाला, फुकटच देऊन टाकू! कुपने कापा, तक्त्यावर चिकटवा, बादली मिळवा. वर्गणी भरा, घड्याळ मिळवा. अंक घ्या, भक्तिगीते मिळवा. बादली तयार करणाऱ्याला निदान बादलीचे पैसे मिळाले. गाणाऱ्याच्या वाटणीला काय आले, हे त्या अंकांत कुठेही छापून आले नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून पुण्य पदरात पाडून घेण्याचा हा उद्योग आहे, आणि तो करणारे स्वतःला लोकशिक्षक म्हणवतात याची आम्हाला चीड येते.

हा जिल्हा कुणाचा आहे, याचे तरी भान ठेवायचे! देवगड तालुक्यातले पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' काढले आणि मराठी वृत्तपत्राचा जन्म झाला. वर्गणीदार मोजके होते, वाचणारा समाज अजून घडायचा होता, तरी त्यांनी १८४० पर्यंत पत्र चालवले. वाचक जमवायला बाळशास्त्र्यांनी कशाचे आमिष दाखवले? विचाराचे. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी स्तंभ मांडून त्यांनी विधवांच्या दुःखावर लिहिले, विद्येवर लिहिले, आणि वाचकाने त्याचे मोल मोजावे अशी अपेक्षा धरली. याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्याचे 'किरात', सावंतवाडीचे 'वैनतेय' अशी साप्ताहिके निघाली. शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर 'वैनतेय'मध्ये लिहीत. त्या अंकांबरोबर कुणी काही वाटले नाही. लोकांनी ते लेख वाचण्यासाठी घेतले.

वृत्तपत्राची किंमत आणि त्याचे स्वातंत्र्य यांचा संबंध काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला तो एका मराठी दैनिकानेच. १९५६ चा किंमत व पृष्ठ कायदा आणि १९६० चा त्याखालचा आदेश यांच्या आधारे किती किमतीला किती पाने द्यायची हे सरकार ठरवू लागले. उद्देश असा सांगितला गेला की, मोठ्या पत्रांच्या गळेकापू स्पर्धेपासून छोट्यांचे रक्षण व्हावे. पुण्याच्या 'सकाळ'ने दाद मागितली आणि १९६१ साली न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला: पानांवर आणि किमतीवर बंधन घालणे म्हणजे खपावर, पर्यायाने अभिव्यक्तीवर बंधन घालणे. तो निकाल योग्यच होता, आम्ही तो शिरोधार्य मानतो. पण ते स्वातंत्र्य कशासाठी मिळाले? अधिक शब्द अधिक लोकांपर्यंत पोचावेत म्हणून. बादल्या आणि सीड्या पोचाव्यात म्हणून नव्हे. सरकारचा हात दूर झाला तेव्हा छोट्या पत्रांचा गळा न दाबण्याची जबाबदारी मोठ्यांच्या सदसद्विवेकावर आली. मोठ्या भांडवलाचे दैनिक जिल्ह्यात उतरते, भेटवस्तूंचा पाऊस पाडते, खपाचा आकडा फुगवते, त्या आकड्यावर जाहिरातीचे दर चढवते. आणि तालुक्याच्या गावी ग्रामपंचायतीतला घोटाळा छापणारे चार पानी साप्ताहिक त्या पावसात वाहून जाते. ज्या वाचकाने बादलीसाठी पत्र बदलले त्याच्या गावची बातमी त्या दिवसापासून कुणी छापायची?

आणि 'फुकट' हे म्हणणे तरी खरे आहे काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम २(४७) उघडून पाहा. एखादी वस्तू फुकट दिल्याचा आभास निर्माण करायचा आणि तिची किंमत मात्र त्या व्यवहाराच्या रकमेतून पूर्ण वा अंशतः वसूल करायची, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे कायदा स्पष्ट शब्दांत सांगतो. सीडीचा खर्च कुठून निघतो? अंकाच्या किमतीतून निघाला तर तो वाचकाने दिला. जाहिरातीतून निघाला तर तो साबणाच्या वडीवर चढवून पुन्हा वाचकाकडूनच घेतला गेला. आणि दोन्हीतून निघाला नसेल, तर तो गाणाऱ्याकडून काढला गेला. मालकाने स्वतःच्या नफ्यातून दान केल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

यावर आमच्या गावागावांत एक उत्तर तयार असते. "अहो, ही लोककला. पुराणातली कथा, परंपरेची चाल. हिचा मालक कोण?" हा प्रश्न विचारणारे बहुतेक प्रामाणिक असतात, म्हणून त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे. कथा पुराणाची आहे, कबूल. चाल सगळ्यांची आहे, तेही कबूल. पण त्या रात्री, त्या देवळापुढे, त्या नटाने जो दुर्योधन उभा केला तो दुर्योधन त्याचा आहे. हे आमचे मत नव्हे, देशाचा कायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन प्रयोग सादर करणाऱ्याच्या हक्काला स्थान मिळाले. कायद्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक तर आहेतच, पण कसरतपटू आहे, जादूगार आहे, गारुडीसुद्धा आहे. नागाची पुंगी वाजवणाऱ्याला जो हक्क संसदेने दिला तो आमच्या हरदासाला नाही असे कोण म्हणेल? प्रयोग झाला त्यानंतरच्या वर्षापासून ५० वर्षे हा हक्क टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८अ आणि ३८ब आली. कलावंताच्या संमतीवाचून त्याच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण वा चित्रण करता येत नाही, त्याच्या प्रती वाटता येत नाहीत. त्याने लेखी संमती देऊन चित्रण करू दिले तरी व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर त्याचा अधिकार राहतोच. आणि प्रयोगाचा कर्ता म्हणून आपले नाव लागावे, हाही त्याचा हक्क आहे. कलम ६३ प्रमाणे हे हक्क जाणूनबुजून मोडणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे.

नातवाने आजीला दाखवायला मोबाइलवर दोन दृश्ये टिपली तर कायदा त्याच्या आड येत नाही. खासगी वापराला त्यात मुभा आहे, बातमीपुरत्या तुकड्यालाही आहे. आमचा रोख नातवावर नाही. रात्रभराचा प्रयोग तीन कॅमेरे लावून टिपणाऱ्यावर, तो आपल्या नावाच्या वाहिनीवर चढवून जाहिरातींचे पैसे खाणाऱ्यावर, आणि त्याच चित्रणाचे दुवे आपल्या संकेतस्थळावर लावून वाचक ओढणाऱ्या वृत्तपत्रांवर आहे.

दुसरे उत्तर याहून गोड असते: "फुकट का होईना, प्रसिद्धी तर मिळते!" प्रसिद्धीचे पैसे प्रिन्सला करता आले, कारण त्याच्या सभागृहाला तिकीटखिडकी होती. जत्रेला तिकीट नसते. दशावताराचा खर्च गाव उचलतो. देवस्थान, मानकरी, वर्गणी देणारे घर न घर. तबक फिरते तेव्हा म्हातारी कनवटीची नोट सोडून त्यात टाकते. जत्रेत कुणी फुकट पाहत नाही. सगळे मिळून मोजतात, हा आमच्या पूर्वजांनी घालून दिलेला दंडक आहे. तो दंडक मोबाइलने मोडला. घरबसल्या दिसते म्हटल्यावर देवळात माणसे कमी, माणसे कमी म्हणून वर्गणी कमी, वर्गणी कमी म्हणून "औंदा कंपनी नको, ऑर्केस्ट्रा आणूया" हा ठराव. नट प्रसिद्ध झाला आणि त्याची नाईट गेली.

सप्टेंबर २०१६ पासून जिओने महिनोन्महिने फुकट डेटा वाटला, तेव्हापासून या वेगाला सीमा राहिली नाही. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा या व्यवहाराचे खरे रूप नागडे झाले. दशावताराचा मोसम ऐन भरात असताना तुटला. पेटारे घरी आले. पुढच्या वर्षीच्या जत्राही मोजक्या माणसांत उरकल्या. त्या दिवसांत मुंबईतला चाकरमानी खोलीत कोंडून गावच्या आठवणीने मोबाइलवर रात्र रात्र दशावतार बघत होता. ज्याचा प्रयोग पाहिला जात होता तो नट त्याच रात्री उसन्या तांदळाचा विचार करत जागा होता. पाहणाऱ्याचे प्रेम खोटे नव्हते. मधल्या माणसाने ते प्रेम विकले आणि त्यातला दाणाही कलावंतापर्यंत पोचू दिला नाही.

राजकारण्यांना यातून वगळण्याचे कारण नाही. चतुर्थी जवळ आली की नेत्याच्या हसऱ्या छबीचा आरतीसंग्रह घरोघर येतो. सीडीच्या काळात आरत्यांची सीडीही येई. निवडणूक आली की भजनाच्या चालीवर पक्षाचा प्रचार बांधला जातो, गावचाच बुवा गायला बसवला जातो, आणि त्याला मानधनाऐवजी शाल मिळते. बाप्पाच्या आरतीवर स्वतःचा चेहरा छापताना ज्यांना संकोच वाटत नाही, त्यांना गाणाऱ्याचे नाव छापायला जागा कशी मिळणार? हेच नेते पुढे व्यासपीठावरून लोककलेच्या संवर्धनाची भाषणे करतात. संवर्धन शालीने होत नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, जिल्ह्याची मान उंचावली. पण त्यांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढीजात जपल्या त्या कुणाच्या शालीवर नव्हे, घराच्या कष्टावर. एकाला सन्मान मिळाला म्हणून बाकीच्यांचे देणे फिटत नाही. उमेदीच्या काळात ज्याचा गळा फुकट वाटला, तोच म्हातारपणी सरकारच्या कलावंत मानधनासाठी दाखल्यांची चळत काखेत मारून जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला खेपा घालतो. त्याचे त्याला वेळेवर मिळाले असते तर ही वेळ आली नसती.

कलावंताचे हक्क मागणे म्हणजे कलेचा बाजार मांडणे, असे मानणाऱ्यांनी लता मंगेशकरांची आठवण ठेवावी. १९६० च्या दशकात त्यांनी गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे असा आग्रह धरला आणि त्यापायी महंमद रफींसारख्या सहगायकाशी काही वर्षे एकत्र गाणे थांबले, तरी माघार घेतली नाही. ज्यांच्या एका शब्दावर निर्माते धावत होते त्यांनाही झगडावे लागले. गायकांचा तो हक्क कायद्यात स्पष्टपणे उतरायला २०१२ साल उजाडले. मग बिनकागदाच्या, बिनसंघटनेच्या दशावताऱ्याने एकट्याने झगडावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून आता प्रत्येकाने आपापला वाटा उचलायचा आहे, आणि तो याच मोसमापासून.

देवस्थान समित्यांनो, कंपनीला सुपारी देताना सभामंडपात कॅमेरा लावायची परवानगी तुम्ही परस्पर कुणालाही देऊ नका. मंडप तुमचा आहे, प्रयोग तुमचा नाही. ज्याला चित्रण करायचे आहे त्याला आधी कंपनीच्या मालकाकडे पाठवा, आणि त्याची संमती कागदावर पाहिल्याशिवाय तिवई उभी राहू देऊ नका.

कंपनीच्या मालकांनो, तुमच्याशीही स्पष्ट बोलले पाहिजे. मुद्रणवाल्याकडून एकरकमी पैसे घेऊन तुम्ही ते खिशात घातले आणि हरदासाला, पखवाजवाल्याला, स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाला त्यातले काही दिले नाही, असेही घडले आहे. कायद्याने हक्क प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला दिला आहे, एकट्या मालकाला नाही. आपसात मोसमागणिक चढाओढ करता, ती खुशाल करा; पण या एका बाबतीत सगळ्या कंपन्यांनी एक दर, एक करारनामा ठरवा. एका कंपनीने स्वस्तात चित्रण करू दिले की बाकी सगळ्यांचा भाव पडतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. करारात चार गोष्टी तरी असू द्या: कशासाठी, किती काळ, किती पैसे, आणि कुणाकुणाची नावे. तो मराठीत असू द्या. न वाचता अंगठा किंवा सही देऊ नका.

वाचकांनो, "फुकट गावता तर कित्याक सोडूचा?" हा प्रश्न आपल्या ओटीवर सर्रास ऐकू येतो. सोडायचा, कारण ते देणाऱ्याचे नाही. पत्र घ्यायचे तर त्यातल्या मजकुरासाठी घ्या आणि मजकूर पटला नाही तर बंद करा. तुमच्या गावचे साप्ताहिक वर्गणीवाचून मरत असेल तर आधी ती वर्गणी भरा. जत्रेला जा. चाकरमान्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या एका प्रयोगामागे त्या कंपनीच्या एका नाईटचा वाटा गावी धाडला, तरी पुष्कळ पेटारे उघडे राहतील.

आणि वृत्तपत्रांच्या मालकांनो, संपादकांनो! आमच्या धंद्यातले म्हणून तुम्हाला सवलत नाही; उलट तुमच्याकडून मागणे अधिक आहे. यापुढे अंकासोबत, पुरवणीसोबत, संकेतस्थळावर वा मोबाइलवर कलावंताचे गाणे, भजन, दशावतार द्यायचा असेल तर त्याच जागी कलावंतांची नावे छापा आणि त्यांना काय दिले तेही छापा. दुसऱ्यांच्या हिशेबातली लबाडी शोधणे हे आपले काम आहे. आपला हिशेब झाकून ते करता येणार नाही. ज्या कंपनीची लेखी संमती तुमच्या दप्तरात नाही, तिचे चित्रण आज तुमच्या वाहिनीवर चालू असेल, तर ते उद्याचा अंक छापायला जाण्याआधी उतरवा, आणि त्यावर आजवर मिळालेल्या जाहिरातींचे पैसे हरदासापासून झांजवाल्यापर्यंत ज्याचे त्याला पोचते करा.